बाहुली मोठी होईपर्यंत

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालण्याचं काम मी तरुणपणापासून करत आले. बऱ्हाणपूर हे असं गाव, की आमच्या बाकावर निमाडी, उर्दू वळणाची हिंदी, गुजराती आणि खानदेशी मराठी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. रावेर, मुक्ताईनगरकडची माणसं राज्याची हद्द ओलांडून इकडं येतात आणि इकडची मोठ्या तपासण्यांसाठी जळगावला किंवा इंदूरला जातात. डॉक्टर भिंगातून डोळ्याचा पडदा बघतात ती मिनिटं थोडी. त्याआधी बाहुली मोठी होईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास पेशंट आमच्या हाती असतो, आणि याच वेळाला सगळे ‘नुसतं बसवून ठेवणं’ म्हणतात. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय की तो वेळ तपासणीचाच भाग आहे. त्यात काय विचारायचं, काय सांगायचं, घरी जाऊन काय सांभाळायचं, हे पेशंटला सहसा कुणी लिहून देत नाही. म्हणून हे दहा बोल लिहिते.

1. थेंबाआधीची कामं थेंबाआधीच झाली पाहिजेत

घाईत आलेला माणूस म्हणतो, “ताई, आधी दवा टाकून द्या, बाकीचं मग बघू.” तसं होत नाही. आधी लांबची नि जवळची नजर मोजायची, चष्म्याचा नंबर बघायचा, डोळ्याचा दाब मोजायचा आणि बॅटरी मारून दोन्ही बाहुल्या उजेडात सारख्या आकसतात का ते पाहायचं. एका डोळ्याची बाहुली मंद आकसत असेल तर नजरेच्या शिरेचा आजार असू शकतो. एकदा थेंब पडले की ही खूण दिसायची सोय उरत नाही, कारण मग दोन्ही बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत.

बॅटरी कानाकडच्या बाजूनं आडवी धरूनही बघतात. बुबुळाच्या नाकाकडच्या भागावर सावली पडली तर डोळ्याचा पुढचा कोपरा अरुंद आहे, असा संशय घ्यायचा. तिथं मी थांबते आणि डॉक्टरांना हाक मारते. त्याचं कारण पाचव्या बोलात येईल.

2. आपली औषधं सांगा, अगदी लघवीची गोळीसुद्धा

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांत बहुतेक ठिकाणी दोन औषधं एकत्र असतात. ट्रॉपिकामाइड बाहुली आकसणाऱ्या स्नायूला सैल करतं आणि फिनाइलेफ्रिन बाहुली ताणून उघडणाऱ्या स्नायूला कामाला लावतं. दुसरं औषध रक्तात गेलं तर रक्तदाब वाढवू शकतं. म्हणून बीपी फार वाढलेलं असेल, नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टर अशा माणसाला नुसतं ट्रॉपिकामाइड घालायला सांगतात. पण हे त्यांना कळणार कसं? “बीपी आहे का?” विचारलं की “नाही” असं उत्तर येतं, आणि गोळीचं विचारलं की “हो, रोज सकाळी घेतो ना” असं येतं. गोळी चालू असल्यानं बीपी नाही, हा हिशेब इथं फार चालतो. म्हणून मी आजाराचं नाव विचारतच नाही. पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटंच बाहेर काढायला लावते.

त्या पाकिटांत म्हाताऱ्या पुरुषांकडं बऱ्याचदा टॅमसुलोसिन सापडते. प्रोस्टेट वाढल्यामुळं लघवीला त्रास होतो त्यासाठीची ही गोळी. काकांना वाटतं, डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचं काय सांगायचं, तेही बाईमाणसाला. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. या गोळीनं बुबुळ लुळं पडतं. किती थेंब घातले तरी बाहुली नीट उघडत नाही, आणि ऑपरेशन चालू असताना एकदम आकसते. चँग आणि कॅम्पबेल या अमेरिकन डॉक्टरांनी 2005 मध्ये हे जगापुढं मांडलं. गोळी बंद केल्यावरही परिणाम राहू शकतो, म्हणून ‘आता घेत नाही’ एवढ्यावर थांबू नका. कधीकाळी घेतली असेल तरी सांगा. सर्जनला आधी कळलं तर त्याच्याकडं उपाय असतात. आत उघडल्यावर कळलं तर त्याचीही कसोटी आणि तुमच्या डोळ्याचीही.

3. एक थेंब पुरतो, पण तो डोळ्यात राहू द्या

खालच्या पापणीच्या खोबणीत मावतं ते एका थेंबाहून कमीच. वरून दोन-तीन थेंब सोडले तर ते गालावर येतात किंवा नाकात उतरतात. घशाला कडू लागलं की समजावं, औषध आत चाललंय. थेंब पडल्यावर डोळे अलगद मिटायचे, उघडझाप करायची नाही आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा. तिथूनच अश्रूंची नळी नाकात जाते. कोपरा दाबला की औषध डोळ्यात टिकतं आणि अंगात कमी जातं. दुसरं औषध घालायचं असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

4. बाहुली घड्याळ बघून मोठी होत नाही

“अर्धा तास झाला, आता बोलवा” हे दिवसातून कितीदा ऐकते ते मोजणं सोडून दिलं. वीस मिनिटांत बाहुली आठ मिलिमीटरपर्यंत उघडणारेही असतात, आणि तासाभरानंतरही पाचावर अडलेले असतात. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळाला औषध लागायला जरा वेळ लागतोच. त्यात जुना मधुमेह असेल तर बाहुली मुळातच लहान असते आणि हट्टानं उघडते. आणि पडद्याची तपासणी सगळ्यात जास्त गरजेची असते ती याच माणसांना. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या आधी गळायला लागतात, नजर नंतर जाते. मधल्या काळात चार्टवरची शेवटची ओळही वाचता येते. प्रौढपणी होणारा मधुमेह कळला त्याच वेळी पडदा बघून घ्यायचा आणि नंतर वर्षातून एकदा तरी, हे मी प्रत्येक शुगरच्या पेशंटला सांगते. न उघडलेल्या बाहुलीतून पडद्याचा मधला भागच कसाबसा दिसतो. कडेला काय चाललंय ते बघायचं तर दार पूर्ण उघडावं लागतं. म्हणून मी बॅटरी मारून बघते. बाहुली अजून हलत असेल तर आणखी एक थेंब, आणखी पंधरा मिनिटं. तेवढ्यावरून माझ्याशी भांडलेली माणसं आहेत आणि त्यांचं भांडण मी मनावर घेत नाही.

आमच्या बाकावर नेपानगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका यायचे. देशातला वृत्तपत्राच्या कागदाचा पहिला कारखाना तो. आयुष्य कागदात गेलेलं, त्यामुळं हातात पेपर असायचाच. थेंबांनंतर अक्षरं पुसट झाली की ते पेपर घडी करून शेजारच्याला वाचायला द्यायचे आणि म्हणायचे, “मोठ्यानं वाच रे, माझा डोळा कामावर गेलाय.” बाकावरचे सगळे ऐकत बसायचे. वाट बघण्याची याहून चांगली रीत मला दिसली नाही.

5. संध्याकाळी डोळा ठणकला तर पित्त समजू नका

पहिल्या बोलात ज्या अरुंद कोपऱ्याचं म्हटलं, तो हा धोका. बाहुली मोठी होताना बुबुळाची घडी कोपऱ्याकडं सरकते. कोपरा आधीच अरुंद असला तर डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो आणि दाब झपाट्यानं चढतो. हे क्वचित होतं, आणि बहुधा दवाखान्यात असताना होत नाही. थेंबांचा जोर ओसरताना, बाहुली अर्धवट आकाराला आली की होतं. म्हणजे पेशंट घरी पोचलेला, दिवेलागण झालेली. डोळा लाल होतो, ठणकतो, त्या बाजूचं डोकं धरतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात आणि उलट्या होतात. उलटी दिसली की घरची मंडळी पित्तावर येतात. एका मावशींना त्यांच्या गावच्या डॉक्टरनं पित्ताचं इंजेक्शन देऊन झोपवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा बुबुळावरची काच धुरकट झाली होती. औषधांनी दाब उतरला, लेझरही केलं, पण गेलेली नजर पूर्ण परत आली नाही. दाबानं नजरेची शीर मेली की ती पुन्हा जिवंत होत नाही. अशा वेळी रात्र काढायची नाही, त्याच रात्री डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

घरात कुणाला काचबिंदू असेल, किंवा आधी कधी थेंबांनंतर असा त्रास झाला असेल, तर ते थेंबाआधी सांगा. पण या भीतीनं पडद्याची तपासणीच टाळू नका. कोपरा आधी बघून घेतला की बहुतेकांना थेंब निर्धास्त घालता येतात.

6. लूमवर जायचं असेल तर थेंब घालून घेऊ नका

या गावाचं पोट पावरलूमवर चालतं. ताण्याची तार तुटली की ती शोधून, डोळ्यांपुढं धरून गाठ मारायची, तेही लूमच्या खडखडाटात. थेंबांनी बाहुली तर पसरतेच, शिवाय जवळचं बघताना भिंगाला फुगवणारा आतला स्नायूही काही तास सुस्त पडतो. माणसाला लांबचं झाड दिसतं, हातातली तार दिसत नाही. दुपारी थेंब घालून रात्रपाळीला लूमवर उभं राहणं म्हणजे बोटं पट्ट्यापाशी नेणं आहे. ट्रॉपिकामाइडचा असर चार ते सहा तास राहतो, काहींना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जाणवतो. सुट्टीच्या दिवशी या, किंवा पाळी संपवून या आणि दुसरी पाळी धरू नका. मजुरी बुडते हे मला कळतं. म्हणूनच आधी सांगते, थेंब पडल्यावर नाही.

मोटरसायकलचंही तेच. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रकांची रांग, वरून निमाडचं ऊन आणि समोरून येणाऱ्या काचेची तिरीप. इथल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी पाणवाटेत उतरून वर आलात तर उन्हानं डोळे दिपतात, पण घटकाभरात बाहुली आकसते आणि सगळं जागेवर येतं. थेंब घातलेली बाहुली आकसतच नाही, त्यामुळं ते दिपणं घरापर्यंत सोबत येतं. सोबत माणूस आणा, काळा चष्मा आणा. चष्मा नसला तर मोठ्या काठाची टोपी किंवा पुढं ओढलेला पदरही चालतो. एकट्यानं गाडी हाकत आलेल्याला मी थेंब घालत नाही. दुसरी तारीख देते.

7. मुलांचं मलम दिवाळीत

लहान मुलाच्या डोळ्यातला भिंग फुगवणारा स्नायू इतका तगडा असतो की तो खरा नंबर लपवतो. विशेषतः प्लसचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा डोळा नाकाकडं वळतो तेव्हा कित्येकदा मागं असा लपलेला प्लस नंबर असतो, आणि नुसत्या चष्म्यानं डोळा सरळ येतो. पण नंबर खरा कळायला तो स्नायू पूर्ण झोपवावा लागतो. त्यासाठी काही मुलांना ॲट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी लावायला देतात. तांदळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नाही. लावल्यावर आईनं हात साबणानं धुवायचे, नाहीतर तोच हात तिच्या डोळ्याला लागतो आणि तिचीही बाहुली पसरते. नळी मुलाच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. पोटात गेलं तर विषच आहे.

या मलमाचा असर आठ-दहा दिवस, कधी पंधरा दिवसही राहतो. तोवर मुलाला वाचता-लिहिता येत नाही. म्हणून आईबाप मे महिन्याची सुट्टी मागतात. मला दिवाळीची सुट्टी बरी वाटते. ॲट्रोपिननं घाम थांबतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात घाम न येणाऱ्या पोराला उन्हात खेळू देणं धोक्याचं. तोंड कोरडं पडलं, गाल लालबुंद झाले, अंग तापलं, पोर असंबद्ध बडबडायला लागलं, तर ऊन लागलं म्हणून कांदा घेऊन बसू नका. मलम बंद करा, डोळ्याभोवतीचं पुसून काढा आणि नळी घेऊन सरळ दवाखान्यात या.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, कारण स्नायू जागा झाल्यावरच चष्म्याचा नंबर शेवटचा ठरतो. ही दुसरी खेप बरीच कुटुंबं चुकवतात. मग पहिल्या खेपेला पोरानं जे सोसलं ते वाया जातं.

8. उरलेली बाटली शेजाऱ्याला देऊ नका

बाहुली मोठी करणारे थेंब नुसते तपासणीचे नसतात. मक्याचं पान लागून बुबुळावरच्या काचेला जखम झाली, किंवा डोळ्याच्या आत सूज आली, तर होमॅट्रोपिन घरी घालायला देतात. आतला आखडलेला स्नायू सैल पडतो, दुखणं कमी होतं आणि बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत नाही. यात नजर दोन-तीन दिवस धूसर राहते. पेशंटला वाटतं, औषधानं बिघडलं, आणि तो आपल्या मनानं बंद करतो. तसं करू नका. धूसर दिसणं हे औषध लागू पडल्याची खूण आहे. बरं झाल्यावर मात्र उरलेली बाटली टाकून द्या. लाल डोळा दिसला की ‘आमच्याकडं आहेत थेंब’ म्हणून वाटीसाखरेसारखी बाटली द्यायची सवय फार वाईट. समोरच्याचा कोपरा अरुंद असला तर पाचव्या बोलातली रात्र त्याच्या घरी येते.

9. शेतातला धोत्रा

सकाळी निंदणीला गेलेला माणूस दुपारी घाबऱ्या घरच्यांबरोबर येतो. एक बाहुली भोकरासारखी मोठी, दुसरी नेहमीसारखी. कुणीतरी म्हटलेलं असतं, मेंदूत गाठ आहे, ताबडतोब इंदूरला न्या. माणूस मात्र शुद्धीत, डोकं दुखत नाही, हातपाय चालतात, फक्त त्या डोळ्यानं जवळचं दिसत नाही. अशा वेळी मी विचारते, “भाऊ, बांधावर धोत्रा उपटला का?” बऱ्याचदा उत्तर हो असतं. धोत्रा, वांगं, टोमॅटो, मिरची एकाच कुळातले. पण धोत्र्याच्या अंगभर ॲट्रोपिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. रस लागलेला हात डोळ्याला पुसला की घरबसल्या थेंब पडल्यासारखंच होतं. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला पोरं धोत्र्याची फळं तोडतात, तेव्हाही असे डोळे येतात.

तरी नुसत्या माझ्या प्रश्नावर कुणी निश्चिंत होऊ नये. डॉक्टर बाहुली आकसणारा पायलोकार्पिनचा थेंब घालून बघतात. बाहुली औषधानं किंवा धोत्र्यानं पसरलेली असेल तर ती या थेंबालाही सहसा जुमानत नाही, बाहुलीकडं येणारी शीर दबून पसरलेली असेल तर आकसते. आणि पापणी खाली आली असेल, दोन-दोन दिसत असेल, डोकं फुटल्यासारखं दुखत असेल, तर धोत्र्याचं नावही न काढता मोठं इस्पितळ गाठायचं.

याला जोडूनच एक: डोक्याला मार लागलेल्या माणसाला बाहुली मोठी करणारे थेंब आपल्या मनानं घालायचे नाहीत. मेंदूचे डॉक्टर तासातासाला बाहुलीच बघत असतात. आणि थेंब घातलेले असतील तर कोणतं औषध, कोणत्या डोळ्यात, किती वाजता, हे कागदावर ठळक लिहायचं. मी थेंब घातलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर वेळ लिहिते. रस्त्यात अपघात झालाच, तर पुढच्या डॉक्टरला तो आकडा दिसला पाहिजे.

10. सव्वा महिन्याच्या आत

हे शेवटी लिहितेय, पण माझ्या मनात पहिलं आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सोडवू शकतात. बाहेरून डोळा सुंदर, काळाभोर दिसतो. आईला पत्ता लागत नाही. चौतीस आठवड्यांच्या आत जन्म झाला असेल किंवा वजन दोन किलोच्या आत असेल, तर बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत एकदा बघितला गेलाच पाहिजे. फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांत. वेळेवर कळलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते. उशीर झाला तर नाही.

बाळाला घालायचे थेंब मोठ्यांच्या थेंबांपेक्षा सौम्य लागतात, त्यातही एकेकच, आणि गालावर ओघळलेलं लगेच पुसायचं, कारण बाळाची कातडीही औषध ओढून घेते. तपासणीच्या आधी पोटभर पाजायचं नाही, नाहीतर रडताना ओकारी येते. हे सगळं करणारे पडद्याचे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. तारीख काढून, गाडी ठरवून दुसऱ्या शहरात जावं लागतं.

आणि नेमकी इथं आमची रीत आडवी येते. बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. सव्वा महिना म्हणजे जवळपास चाळीस दिवस, आणि डॉक्टरांची मुदत तीस. एका घरी आजी दारात उभी राहिली होती: “एवढ्याशा जिवाला उन्हातान्हात कुठं नेता? त्याच्या डोळ्यात काय दवा घालायची असते?” मी तिच्याशी रीतीवर वाद घातला नाही. बाळ किती आठवड्यांचं झालं, वजन किती होतं, ते तिलाच विचारलं आणि बोटांवर तिच्याकडूनच दिवस मोजून घेतले. तिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आधी येतो हे तिच्या बोटांवरच तिला दिसलं. मग तीच म्हणाली, काजळ-तीट लावून, सकाळच्या थंड वेळेला, मी मांडीवर घेऊन जाते. काजळ तेवढं डोळ्यात नको, गालावर लावा म्हटलं. तेही तिनं ऐकलं. तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर डिस्चार्जच्या कागदावर पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का बघा. नसेल तर बाळाच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.